दुसऱ्या बोटाची खाच

८ जुलै १९७३

परसवाड्याकडचे फकिराभाऊ आज मुलीला पाठीवर घेऊन बस स्टँडपासून माझ्या शेडपर्यंत चालत आले. रिक्षा का केली नाही विचारलं, तर म्हणाले, "रिक्षावाला पोरीकडे पाहून च् च् करून राह्यला होता जी. म्या म्हटलं, नाही बसत तुह्या रिक्षात." मला माणूस तिथेच पटला, पण तसं दाखवलं नाही. गिऱ्हाइकाला लवकर जीव लावला की काम बिघडतं.

मुलीचं नाव सत्यभामा. वय पंचविशीच्या आसपास. लांजीकडे दिली आहे. गेल्या वर्षी धानाच्या पोत्यांनी भरलेली बंडी उलटली आणि उजवा पाय चाकाखाली आला. नागपुरात गुडघ्याखालून कापला. खुंट चांगला आहे, कातडी निरोगी आहे, गुडघा पुरता वाकतो. असा खुंट मिळणं कारागिराचं नशीब.

फकिराभाऊंनी बाकीचं सांगितलं. "लांजीवाल्यायनं सांगून धाडलं जी. तुळशीचं लगन होऊ द्या म्हणे, मंग आमी जावयासाठी दुसरी पाहू. तवरिक पोरगी आपल्या पायानं आंगणात आली त तिचं घर तिचं. नाही आली त नाही."

जावयाचं नाव प्रेमलाल. वर्षभरात तो परसवाड्याला एकदाच आला आणि अंगणातूनच परत गेला. मुलगी हे ऐकत होती, पण ऐकत नसल्यासारखी माझ्या शेडच्या टिनाकडे बघत होती.

मी म्हणालो, होईल. दिवाळीच्या आत होईल. असं बोलायला नको होतं, कारण पावसाळ्यात रेझिन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणूनच ही डायरी पुन्हा उघडली आहे. पुण्याला फौजींचे पाय बनवायच्या कारखान्यात होतो तेव्हा रोज लिहायचो. इथे बालाघाटला आल्यापासून सुटलं. आता दमट हवेत काय बिघडतं ते टिपून ठेवीन. माणसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नसतं.

१० जुलै

घोडं पहिल्याच दिवशी अडलं. पुण्याहून मागवलेला लाकूड-रबराचा पंजा तिला दाखवला. तिनं हातात घेऊन उलटासुलटा केला.

"याले बोटं कुठी आहेत?"

मी समजावलं, की हा बुटात घालायचा पंजा आहे, बोटांची गरज नसते.

"मी बूट नाही घालत जी. जोडवे कुठी घालू मंग?"

पदराच्या गाठीतून तिनं कागदाची पुडी काढली. चांदीची दोन जोडवी. एक कापलेल्या पायाचं, दवाखान्यानं परत दिलेलं. दुसरं तिनं स्वतःच काढून ठेवलेलं. एका पायात जोडवं घालून दुसरा रिकामा ठेवणं म्हणजे अर्धी सवाष्ण, असं तिची सासू म्हणाली होती.

मी म्हणालो, पायाचं काम चालायचं, दागिने मिरवायचं नाही. फकिराभाऊ खाली बघू लागले. ती मात्र सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "चालण्यासाठी तुमी पाय देऊन राह्यले. घरात शिरण्यासाठी मले बोट पायजे."

लोक कशाला महत्त्व देतील सांगता येत नाही. करून बघू म्हणालो.

२० जुलै

आधी खोळ. खोळ म्हणजे ज्यात खुंट बसतो ती. खुंटाचा प्लास्टरचा ठसा घ्यायचा, त्यावरून प्लास्टरचाच खुंट तयार करायचा, तो उभा बांधायचा. त्यावर काचेच्या धाग्याच्या कापडाचे थर चढवायचे, वरून पातळ पिशवी, आणि पिशवीत रेझिन ओतायचं. रेझिन मधासारखं असतं. औषध घातलं की काही वेळानं त्याचा दगड होतो. तो होण्याआधी दोरीनं पिशवी आवळत आवळत ते सगळ्या कापडात मुरवायचं. जास्त झालं तर खोळ जड आणि ठिसूळ, कमी पडलं तर कापड कोरडं राहून खुंटाला टोचतं. सगळी विद्या इतकीच आहे की ते कुठे वाहील हे त्यानं नाही, आपण ठरवायचं.

आज त्यानं ठरवलं. दमट हवेनं पिशवी सैल पडली, दोरी घसरली आणि सगळं रेझिन खाली जाऊन बसलं. खाली गुळाच्या ढेपेसारखा गोळा, वर कोरडं फडकं.

आई दारात उभी होती. ती रेझिनला चीक म्हणते. "तुहा चीक पायउतार झाला काय रे?" म्हणाली. आईला माझ्या कामाची थट्टा करायला वेळ असतो.

१ ऑगस्ट

खोळ जमली. पिशवी शेगडीजवळ कोरडी केली, औषध नेहमीपेक्षा कमी टाकलं आणि पहाटे, हवा जरा हलकी असताना काम केलं. सत्यभामाला बसवून बघितली. दुखत नाही म्हणाली. बापलेक सध्या आमच्याच वॉर्डात फकिराभाऊंच्या साडूकडे राहतात, त्यामुळे ती रोज कुबड्यांवर येते.

परवा जिवती, म्हणजे आषाढी अमावास्या झाली. गल्लीभर पोरं गेड्यांवर चढून चिखलात टकाटक चालली आहेत. बांबूच्या दोन काठ्या, त्यांना पावलं ठेवायला खुंट्या, की झाली गेडी. सत्यभामा ओट्यावर बसून बघत होती. एक पोरगं पडलं तर हसली. म्हणाली, लहानपणी गावात गेडीवर तिला कुणी हरवत नसे. मी विचारलं, किती उंच खुंटी होती? ती म्हणाली, "आता काय सांगू जी, भिंतीपलीकडचं दिसे."

पंजाला आजपासून हात घातला.

७ ऑगस्ट

बोटं मी स्वतः कोरली. प्लास्टरमध्ये, चांगला बसून. करायला गेलो गणपती, झाला मारुती. सत्यभामानं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरेना. "आलू आहेत जी हे. पाच आलू." आईसुद्धा हसली. दोघी मिळून हसत बसल्या आणि मी प्लास्टर कालवत बसलो.

तिचा स्वतःचा डावा पाय घेऊन उपयोग नाही, डाव्याचा उजवा होत नाही. एखाद्या बाईच्या उजव्या पायाचा ठसा घ्यावा लागेल. माप सारखं हवं. आईचा पाय बघितला. माप सारखंच आहे.

१२ ऑगस्ट

आई ऐकायला तयार नाही.

"रांडमुंडीचा पाय सवाष्णीले लावतं का कोणी? अक्कल आहे का तुले?"

मी म्हणालो, पाय नाही लावत, ठसा घेतो. प्लास्टरला कोण विधवा नि कोण सवाष्ण हे कळत नाही.

"प्लास्टरले नसन कळत. मले कळते."

बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवशी आईनं जोडवी काढली, ती नंतर कुठे गेली ते मला ठाऊक नाही. इतक्या वर्षांनी एवढ्याशा गोष्टीवर आई इतकी चिडेल असं वाटलं नव्हतं. सत्यभामा हे ऐकत उंबऱ्याशी बसली होती. मी शेडमध्ये निघून आलो. परत गेलो तेव्हा आईचा पाय परातीत होता आणि सत्यभामा त्यावर गरम पाणी ओतून घासत होती. दोघी काय बोलल्या ते कळलं नाही.

"घे," आई म्हणाली, "लवकर घे, मन फिरायच्या आत."

ठसा उत्तम आला. एक दोष आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाला मुळाशी गोल खाच आहे, जोडव्याची. इतकी वर्षं झाली तरी बुजलेली नाही. साचा करताना ती मेणानं भरून गुळगुळीत करणार होतो. सत्यभामानं माझा हात धरला. "ते राहू द्या."

तसं बघता खाचेत जोडवं नीट बसेल, घसरणार नाही. कामाच्या दृष्टीनं तिचं बरोबर आहे.

२२ ऑगस्ट

पंजाचा साचा दोन फाकांचा आहे, आतून पोकळ. आत काचेचं कापड आणि मधे लाकूड घालायचं, फाका बांधायच्या आणि घोट्याच्या बाजूनं रेझिन ओतायचं. सोपं वाटतं.

साचा आडवा ठेवला. रेझिन टाचेत, तळव्यात सगळीकडे गेलं, पण बोटांत हवा अडकून बसली. उघडलं तर अंगठा सोडून सगळी बोटं टोकाला पोकळ, कुरतडल्यासारखी.

२५ ऑगस्ट

आज साचा उभा केला, बोटं खाली. बोटं भरली, पण आता सगळं रेझिन बोटांतच साचलं. जिथे साचतं तिथे ते आपल्याच उष्णतेनं तापतं. साचा हाताला चटका देत होता. उघडला तर पाचही बोटांना आडव्या भेगा. खाचेपाशी दुसरं बोट सरळ तुटून आलं.

आडवा ठेवला तर पोचत नाही, उभा ठेवला तर साचतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्या सांगतलं होतं. तो पाय तिले लाभणार नाही." मी तिला उष्णतेचं कारण सांगितलं. ऐकलं नाही.

२९ ऑगस्ट

जे झालं ते लिहायचीसुद्धा लाज वाटते, पण लिहितो.

काल पोळा झाला. आज नारबोद, दुखण्यांची बाहुली गावाबाहेर नेऊन टाकायचा दिवस. सकाळी पोरं ओरडत निघाली, "घेऊन जा गे नारबोद," दुखणं घेऊन जा, खरूज घेऊन जा, काय काय घेऊन जा. वॉर्डातल्या गेड्यासुद्धा मोडून तिच्याबरोबर नाल्यात टाकतात. वर्षाची पीडा गावाबाहेर.

दुपारी शेडमध्ये गेलो तर पंजाचा साचा नाही. दोन्ही फाका नाहीत. फुटलेले पंजेही नाहीत. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"नारबोदीसंग धाडलं."

"काहून माय?"

"तिची पीडा होती ते. माह्या पायाची पीडा तिच्या संसारात नको. म्या माह्या हातानं नाल्यात टाकलं, आता ती मोकळी झाली."

इतकं शांतपणे सांगून ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. नाल्यावर गेलो. पाणी दुथडी भरून होतं. मोडलेल्या गेड्या एका झुडपाला अडकल्या होत्या. बाकी काही नाही. प्लास्टर पाण्यात किती वेळ टिकतं ते मला सांगायला नको.

आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

३० ऑगस्ट

सत्यभामाला सांगितलं. वाटलं होतं रडेल, निदान रागावेल तरी. ती कुबड्या भिंतीला लावून आईजवळ जाऊन बसली आणि दोघींनी मिळून उरलेले तांदूळ निवडले. निवडता निवडता ती म्हणाली,

"माय, तुमी पीडा टाकली, चांगलं केलं. आता बिनपीडेचा एक ठसा देऊन द्या."

आई खडे वेचत राहिली.

"तुमच्या नवऱ्याले जाऊन किती वर्षं झाली? तरी खाच बुजली नाही. माह्यावाली पाहा," तिनं डावा पाय पुढे केला, "वर्षभरात बुजून गेली. मले इतकं टिकणारं बोट पायजे जी. रांडमुंडीचं असो का कोणाचं असो."

आई उठून आत गेली. मला वाटलं, संपलं. मग आतून परात वाजली.

मी पुन्हा ठसा घेतला. आईचे डोळे ओले होते. प्लास्टर गरम होतं तेव्हा चुरचुरतं, त्यामुळे असेल.

१६ सप्टेंबर

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. मुंबईहून यायचा रेझिनचा डबा गोंदियाला पडून होता. छोट्या लाइनीच्या मालगाडीनं परवा आला. उरलेल्या रेझिनमध्ये दोन प्रयोग केले, दोन्ही वाया गेले. औषध कमी घातलं तर तापत नाही, भेगा पडत नाहीत, पण दमट हवेत दोन दोन दिवस चिकट राहतं आणि खाली ओघळत जातं.

मला आता शंका येऊ लागली आहे. पुण्यात असले प्रश्न दहा जण मिळून सोडवायचे. इथे मी एकटाच आहे, आणि दिवाळीच्या आत म्हणून मोठ्या तोंडानं सांगून बसलो आहे. सत्यभामा विचारत नाही. ती विचारत नाही हे जास्त जड जातं.

आज नवा सदरा घातला, जुन्यावर रेझिनचे डाग फार झाले होते. आई म्हणाली, "सत्यभामा यायच्या वक्ताले बरे डाग दिसतात तुले." मी लक्ष दिलं नाही.

२६ सप्टेंबर

उद्या घट बसतील. संध्याकाळी आई नऊ दिवसांच्या दिव्यासाठी मांडीवर वाती वळत होती. एक वात तेलाच्या वाटीत अर्धी पडली होती आणि तेल तिच्यातून चढून बाहेरच्या टोकाला थेंब धरत होतं. वाटीवरून, चढ चढून. हे मी जन्मभर बघत आलो आहे.

मी आईच्या पुढ्यातल्या पाच वाती उचलल्या. ती म्हणाली, देवाच्या आहेत. मी म्हणालो, परत देतो. देवाचं एवढं देणं राहिलं आहे, त्यात पाच वातींनी काय होतं!

विचार असा आहे. साचा आडवाच ठेवायचा. प्रत्येक बोटाच्या टोकाला साच्यात बारीक भोक पाडायचं आणि आतून सुती वात ओवून बाहेर काढायची. हवेला वातीच्या कडेनं वाट मिळेल. हवा गेली की रेझिन वातीच्या मागोमाग येईल, हळूहळू, न साचता. बाहेरचं टोक ओलं झालं की समजायचं, ते बोट भरलं. मग तिथे मेण लावून भोक बंद करायचं.

२ ऑक्टोबर

आज ओतलं. सत्यभामा आणि आई दोघी बघायला येऊन बसल्या. मी नको म्हणालो, ऐकलं नाही.

आधी अंगठ्याची वात ओली झाली. मेण लावलं. मग करंगळी, हे अपेक्षित नव्हतं. मग तिसरं, चौथं. दुसरं कोरडं. त्याच बोटात खाच आहे, तिथे वाट अरुंद होते आणि कापडही दुमडलेलं असणार. औषध घातलेलं, वेळ निघून चाललेली, बादलीतलं उरलेलं रेझिन धाग्यासारखं ओढलं जाऊ लागलं होतं. साच्याला बाहेरून हलके टोले देत राहिलो. साचा किंचित पुढे कलवला. जास्त कलवला असता तर चार बोटांत साचून गेलं असतं.

सत्यभामा त्या एका वातीच्या टोकाकडे बघत होती. मग टोक काळसर झालं, मग चमकलं.

"आलं," आई म्हणाली. माझ्या आधी तिनं बघितलं.

मेण लावायला गेलो तर पहिल्यांदा ते माझ्याच सदऱ्यावर सांडलं. टोले देऊन हात दुखला असेल.

४ ऑक्टोबर

साचा उघडला. भेग नाही, पोकळी नाही. पाच बोटं, नखांसकट, आणि दुसऱ्या बोटाला खाच, आईच्या पायाला आहे तशीच. बोटं जमिनीवर आपटून मोडू नयेत म्हणून पुढचा भाग किंचित वर उचललेला ठेवला आहे. बघणाऱ्याला कळणार नाही.

खोळीला जोडलं, रंग दिला. रंग तिच्यापेक्षा थोडा उजळ झाला. ती म्हणाली, उन्हात जाईन तर होईल बराबर. रंग उन्हानं काळवंडत नाही, हे सांगितलं नाही.

जोडवी तिनं स्वतः घातली. आधी डाव्या पायात, मग उजव्यात. उजव्यातलं खाचेत टक् करून बसलं. आईला म्हणाली, बघा. आई दुरूनच बघत होती. जवळ आली नाही, पण गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला.

मला आनंद झाला. फार झाला. हे लिहून ठेवायला हरकत नाही.

२१ ऑक्टोबर

चालायला पटकन शिकली. पुण्यात शिकवताना पहिली अडचण ही असायची की माणूस पायाकडे बघतो आणि पडतो. ही बघतच नाही. म्हणाली, गेडीवर खाली पाह्यलं का पडलंच. कालपासून कुबडी नाही, काठीही नाही. आज आमच्या विहिरीवरून भरलेली गुंडी कमरेवर घेऊन ओट्यापर्यंत आली. किंचित डाव्या अंगावर झुकते, बाकी ओळखू येत नाही. उघड्या पायानं चालते तेव्हा जोडव्याचा आवाज येतो. मातीवर कमी, फरशीवर जास्त.

फकिराभाऊ एका कोपऱ्यात उभे राहून बघत होते. पंच्यानं तोंड पुसत होते.

७ नोव्हेंबर

दिवाळी गेली. काल संध्याकाळी आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं. लांजीकडे ते पुनवेला लागतं, म्हणजे मुदत अजून आहे. आज सत्यभामा सासरी गेली. लांजीची बस सकाळची होती. फकिराभाऊ बरोबर जायला तयार होऊन आले होते, पिशवी घेऊन. ती म्हणाली, "बाबा, तुमी नका येऊ. पाठीवरून नाही नं जाणं आता."

आईनं तिला डबा दिला. मी खोळीचा पट्टा तपासला, खुंटावर घालायचे दोन मोजे जास्तीचे दिले आणि बसच्या पायरीवर आधी डावा पाय ठेवायला सांगितलं. ती हो म्हणाली आणि उजवा ठेवून चढली.

शेड आज रिकामी वाटते. रेझिनचा डबाही संपत आला आहे, त्यामुळे.

९ नोव्हेंबर

काही काम नाही. आईनं दोनदा विचारलं, बातमी काय. मी म्हणालो, बातमी नसणं हीच चांगली बातमी. सर्व पाय असेच जातात, परत येतात ते फक्त बिघडलेले.

१२ नोव्हेंबर

दुपारी सत्यभामा आली. बस स्टँडपासून एकटी चालत. पावलांचा आवाज ओळखीचा होता, पण त्यात काहीतरी कमी होतं. ते काय हे आधी लक्षात आलं नाही. मी बाहेर आलो आणि पहिल्यांदा पायाकडेच बघितलं. भेग गेली असणार असं वाटलं.

"काय झालं? खोळ सैल झाली का?"

"नाही जी."

"पट्टा तुटला? खुंट सोलला?"

"पाय चांगला आहे. एकदम चांगला आहे."

तिला ओट्यावर बसवून पंजा हातात घेतला, उजेडात फिरवला. बोटं शाबूत. दुसऱ्या बोटात जोडवं नव्हतं. डाव्या पायातही नव्हतं.

"पडलं का वाटेत?"

"काढून ठेवले."

आई तोवर बाहेर आली होती. तिनं पाण्याचा तांब्या दिला. सत्यभामा पाणी प्यायली आणि मग तिनं सांगितलं. माझ्याकडे बघून नाही, आईकडे बघून.

ती अंगणात गेली तेव्हा सगळं घर बाहेर आलं. सासूनं पायाला हात लावून बघितला, टिचकी मारून बघितली. शेजारच्या बायका जमल्या. तिनं विहिरीवरून पाणी आणलं, चूल सारवली, स्वयंपाक केला. सगळे म्हणाले, वा. चार दिवस तशीच वा वा चालली. काल प्रेमलाल बोलला. पोरगी पाहून ठेवली आहे, शब्द गेला आहे, आता मागं नाही घेता येत. पण तू बी राह्य. तू चालते, काम करते, तुले कोण काढून देऊन राह्यलं?

"म्हणून तुळशीजवळ जोडवे काढून ठेवले अन् निघाली. ते पाहतच राह्यले. फाटकापर्यंत कोणी हाक नाही मारली. मी मागं नाही पाह्यलं." मग म्हणाली, "गेडीवर मागं नाही पाहत."

मी विचारत होतो तो प्रश्न वेगळाच होता. माझ्या मनात होतं, चालण्यात कुठे खोट राहिली असेल, झुकणं कमी करायला हवं होतं, रंग उजळ झाला. अजूनही वाटतं. पण ती म्हणते, पायात खोट नव्हती.

संध्याकाळी फकिराभाऊ आले. त्यांनी परसवाड्याला चल म्हटलं. ती म्हणाली, येईन, आधी काही दिवस इथंच राहते. मायले प्लास्टर कालवता येत नाही अन् यायले बोटं कोरता येत नाही. यायले म्हणजे मला. आई म्हणाली, राह्य. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो.

दिवा लावायच्या वेळी तिघं ओट्यावर बसलो होतो. तिचा पंजा माझ्या समोर होता आणि ती रिकामी खाच सारखी नजरेत येत होती. काम असतं तसं मी म्हणालो, "थोडं रेझिन उरलं आहे. खाच भरून, घासून एकसारखी करून देऊ का? कळणारही नाही."

तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही.

"राहू द्या जी. मायच्या पायातबी आहेच नं."

आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मग थोड्या वेळानं पुन्हा बाहेर काढला, आणि तिच्या पायाशेजारी ठेवला.